भिंती वाचू या! पनवेलमध्ये मुलांसोबत रस्त्यावरच्या चित्रांचा शोध

सुट्टीचा दिवस उजाडला की मुलांना घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न शहरातील प्रत्येक घरात पडतो. मॉल, बाग, सिनेमा आणि हॉटेल या ठरलेल्या वाटा लवकरच संपतात. पनवेलकरांच्या हाताशी कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे खरे, पण तेथेही दर आठवड्याला जाणे होत नाही. वास्तविक उंबरठा ओलांडताच एक भलेमोठे चित्रदालन सुरू होते. त्याला तिकीट नाही, साप्ताहिक सुट्टी नाही आणि ‘हात लावू नका’ अशी पाटीही नाही. हे दालन म्हणजे आपल्या गावातील भिंती, दुकानांच्या पाट्या, शाळांची कुंपणे, पुलांचे खांब आणि रस्त्यावरून धावणाऱ्या मालमोटारी.

रस्त्यावरची चित्रे शोधत फिरणे हा जगातील अनेक शहरांत मुलांचा आवडता खेळ झाला आहे. मात्र पनवेलमध्ये या खेळाला आणखी एक अर्थ आहे. १८५२ साली नगरपालिका मिळालेले हे गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, रस्ते रुंद होत आहेत. भिंत गेली की तिच्यावरचे चित्रही जाते आणि त्याची नोंद सहसा कोणीच ठेवत नाही. ती नोंद मुले ठेवू शकतात. ती कशी ठेवावी, काय पाहावे आणि कोणती पथ्ये पाळावीत, याची माहिती देण्याचा हा प्रयत्न.

रस्त्यावरची कला म्हणजे काय?

‘स्ट्रीट आर्ट’ म्हटले की परदेशातील रंगीत फवाऱ्यांची चित्रे डोळ्यांसमोर येतात. आपण व्याख्या थोडी मोकळी ठेवावी. सार्वजनिक जागेत, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही सहज दिसेल असे जे जे हाताने रेखाटलेले वा रंगविलेले आहे, ते सारे आपल्या शोधाचा विषय. मग ते महापालिकेने काढून घेतलेले भित्तिचित्र असो, पेंटरने रंगविलेली केशकर्तनालयाची पाटी असो, नाहीतर दारापुढची रांगोळी असो. छापील फ्लेक्स मात्र या यादीतून वगळावा. एकच चित्र हजार ठिकाणी छापता येते, तेव्हा त्यात हाताची खूण उरत नाही. हाताने काढलेले आणि यंत्राने छापलेले यांतील फरक ओळखणे, हाच मुलांचा पहिला धडा ठरू शकतो. ब्रशाच्या फटकाऱ्याची कड, रंगाचा ओघळ, किंचित चुकलेली रेघ किंवा अक्षरांखाली उरलेली खडूची आखणी दिसली, की मुले अशा जागा आपोआप दाखवू लागतात.

भिंतीवर चित्र काढणे आपल्याला नवे नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली समाजातील सवाशिणी लग्नप्रसंगी घराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आहेत. ही चित्रे ‘काढली’ असे न म्हणता ‘लिहिली’ असे म्हणतात, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. भिंतीवरची ही कला कागदावर आणून जगापुढे ठेवणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली ‘पद्मश्री’ मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. आज शहरातील कुंपणांवर, बागांच्या भिंतींवर आणि हॉटेलांच्या दर्शनी भागांवर त्रिकोणी अंगांची ती माणसे फेर धरून नाचताना दिसतात. त्यांतील बहुतेक चित्रे वारल्यांनी काढलेली नसतात. मूळ चौकात मध्यभागी पालघट देवी असते. शहरी भिंतीवर ती नसते, उरते केवळ नक्षी. दोन्हींची छायाचित्रे शेजारी ठेवली तर देवाघरची वस्तू सजावट झाली की तिच्यात काय बदलते, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला सहज कळते.

जगात इतरत्र पाहिले, तर भिंतींनी शहरांचे मोठे प्रश्न अंगावर घेतलेले दिसतात. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये कोसळली. तिचा सुमारे १.३ किलोमीटरचा तुकडा शिल्लक ठेवून १९९० मध्ये निरनिराळ्या देशांतील शंभराहून अधिक कलावंतांनी तो रंगविला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने १९८४ मध्ये भिंती विद्रूप करणाऱ्या तरुणांना शिक्षा करण्याऐवजी चित्रकार जेन गोल्डन यांच्या हाताखाली भित्तिचित्रांच्या कामाला लावले. त्या शहरात पुढे हजारो भित्तिचित्रे उभी राहिली. भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या मुलाला घरोघरी रागावले जाते. त्या हातांना योग्य भिंत मिळाली तर काय होते, याचा हा दाखला आहे.

पनवेलमध्ये काय शोधावे?

ठरावीक चित्रांची यादी येथे मुद्दामच दिलेली नाही. यादी हाती आली की शोध संपतो आणि उरते ती केवळ हजेरी. शिवाय भिंती दरवर्षी बदलतात. म्हणून चित्रांचे प्रकार आणि ते कोणत्या भागात आढळतात, एवढेच सांगणे अधिक उपयोगाचे.

पेंटरच्या पाट्या : सुरुवात जुन्या पनवेलपासून करावी. लाईन आळी, टपाल नाका, उरण नाका या भागांतील अरुंद रस्ते पायी फिरण्याजोगे आहेत. जुन्या बाजारपेठांत हाताने रंगविलेल्या पाट्या अजून तग धरून असतात. शिंपी, घड्याळजी, सायकल दुरुस्ती, किराणा, पिठाची गिरणी अशा दुकानांकडे विशेष लक्ष द्यावे. जाड बुंध्याची, सावली दिलेली, दोन रंगांत भरलेली अक्षरे हे पेंटरचे खास कसब. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याची सही असते. ती शोधणाऱ्याला जादा गुण द्यावेत! एकाच पेंटरची सही दोन-तीन दुकानांवर सापडली, तर त्याचे ‘क’ आणि ‘ळ’ सगळीकडे सारखे आहेत का, हे ताडून पाहावे. राज्यात २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन, कामगार कितीही असले तरी दुकानाच्या पाटीवर देवनागरीतील मराठी नाव ठळक असणे आणि इतर लिपीतील अक्षरांपेक्षा ते लहान नसणे बंधनकारक झाले. त्यामुळे मराठी अक्षरे वाढली, पण त्यांतील बहुतांश यंत्राने कापलेली वा छापलेली आहेत. हाताने लिहिलेले देवनागरी अक्षर मात्र दुर्मीळ होत चालले आहे.

बोलक्या भिंती : जिल्हा परिषदेच्या शाळा आणि अंगणवाड्यांच्या रंगविलेल्या भिंतींना ‘बोलक्या भिंती’ हे सुरेख नाव मिळाले आहे. पाढे, बाराखडी, ऋतुचक्र, महाराष्ट्राचा नकाशा, फळे-भाज्या आणि थोर पुरुषांची चित्रे त्यांवर असतात. पनवेल तालुक्यातील गावांतून जाताना त्या रस्त्यावरूनही दिसतात. शहरातील खासगी शाळांत शिकणाऱ्या मुलांना या भिंती मुद्दाम दाखवाव्यात. आपल्याच वयाची मुले कोणत्या भिंतीकडे पाहत पाढे म्हणतात, हे त्यांना समजेल. शाळेच्या आवारात जायचे असल्यास मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी.

सरकारी भिंती : सरकारने भिंतीवरून लोकांशी बोलण्याची पद्धत जुनी आहे. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आजच्या आजी-आजोबांना चांगलाच आठवत असेल. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि २०१६ पासून शहरांच्या स्वच्छतेची क्रमवारी लागू लागली. राज्य सरकारचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाले. तेव्हापासून नगरपालिका-महापालिकांनी कुंपणे, उड्डाणपुलांचे खांब आणि शौचालयांच्या भिंती रंगविण्याचा सपाटा लावला. ओला कचरा-सुका कचरा, पाणी वाचवा, झाडे लावा हे विषय सर्वत्र तेच. नवी मुंबईकडे सरकावे तसा त्यांत गुलाबी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मिसळतो. येथे मुलांना एकच काम द्यावे : भिंतीवर लिहिलेले आणि भिंतीच्या पायथ्याशी प्रत्यक्ष दिसणारे जुळते का, ते पाहायचे. ‘कचरा टाकू नका’ या अक्षरांखालीच कचऱ्याचा ढीग असेल, तर तोही वहीत नोंदवायचा.

महापुरुषांची चित्रे : चौकांत, मंडळांच्या फलकांवर आणि वस्त्यांच्या प्रवेशद्वारांवर थोर व्यक्तींची चित्रे असतात. त्यांच्या रेखाटनाचे संकेत ठरून गेले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर निळ्या कोटात आणि हाती ग्रंथ घेतलेले, छत्रपती शिवाजी महाराज जिरेटोप व दाढीसह, महात्मा फुले पागोटे घातलेले. पागोटे किंवा ग्रंथ पाहून नाव ओळखण्याचा खेळ लहान मुलांनाही जमतो. पनवेलच्या मुलांना आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांची ओळख हवीच. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म येथून जवळच असलेल्या शिरढोण येथे झाला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले. पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. त्यांचे चित्र गावात कोठे कोठे आढळते, हा एका सकाळचा स्वतंत्र शोध होऊ शकेल.

जिन्यातले देव : इमारतींच्या जिन्यांत, गल्लीच्या कोपऱ्यांवर आणि कुंपणांच्या भिंतींवर सर्वधर्मीय दैवतांच्या फरशा बसविलेल्या किंवा चित्रे रंगविलेली दिसतात. लोकांनी तेथे थुंकू नये वा लघवी करू नये, हा त्यामागील हेतू. ‘येथे देव का बसवला?’ असे मूल विचारतेच. उत्तर टाळू नये. देवाचा धाक घातल्याखेरीज भिंत स्वच्छ राहत नाही, यावर मुलांचे मत काय आहे, ते ऐकावे. बहुधा ते मोठ्यांपेक्षा स्पष्ट असते.

लग्नघराच्या भिंती : पनवेल, उरण परिसरातील आगरी-कोळी गावांत लग्न निघाले की घर रंगवून दर्शनी भिंतीवर गणपती, कलश आणि वधू-वरांची नावे काढण्याची रीत आहे. त्यावर तारीखही असते. लग्न होऊन वर्षे लोटली तरी ती भिंत तशीच राहते. घराचा तो एक प्रकारे दस्तऐवजच होय. विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे आदी दहा गावांतील कुटुंबे हलली, तेव्हा घरांबरोबर अशा भिंतीही गेल्या. गावठाणात फिरताना ही खासगी घरे आहेत, याचे भान ठेवावे. घरातील कोणाला विचारून चित्र पाहिले, तर बहुतेक वेळा चित्राबरोबर लग्नाची हकिगतही ऐकायला मिळते.

चालती चित्रे : पनवेल हे महामार्गांचे गाव. मुंबई-पुणे जुना रस्ता, गोव्याचा रस्ता आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती महामार्ग येथे एकमेकांना भेटतात. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारामुळे देशभरातील मालमोटारी येथे येतात. त्यांच्या अंगावरील कमळे, मोर, गरुड, गाय-वासरू आणि दृष्ट लागू नये म्हणून काढलेले राक्षसाचे तोंड ही भारतातील सर्वांत जास्त प्रवास करणारी चित्रे म्हणायला हरकत नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे मात्र महाराष्ट्रात २०१५ साली व्यापारी वाहनांवर रंगविण्यास मनाई झाली, कारण ती विनाकारण भोंगा वाजविण्यास उत्तेजन देतात असे परिवहन खात्याचे म्हणणे होते. तरीही ती दिसतात का, याची नोंद ठेवता येईल. मुलांना घेऊन ट्रक टर्मिनलमध्ये शिरू नये. पेट्रोल पंप वा हॉटेलच्या आवारात उभी असलेली गाडी चालकाला विचारून पाहावी. गाडी कोणत्या राज्यातली, हे नंबरावरून ओळखावे आणि त्या राज्याच्या गाड्यांची सजावट वेगळी आहे का, ते पाहावे.

चौक आणि शिल्पे : महापालिकेच्याच हद्दीतील खारघर येथे उत्सव चौक आणि शिल्प चौक आहेत. सिडकोने आखलेल्या शहरात कला आधी कागदावर ठरते आणि मग उभी राहते, तर जुन्या पनवेलमध्ये ती गरजेनुसार उगवते. एकाच महापालिकेतील हा फरक मुलांनी एकापाठोपाठ एक अशा दोन रविवारी पाहावा.

शोधयात्रेची तयारी

कोकणातील पाऊस हा भिंतींचा मोठा शत्रू. ओल धरते, शेवाळ चढते, भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे निघतात. म्हणून दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ फिरायला उत्तम. सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ धरावी. दुकाने उघडलेली नसल्यामुळे गर्दी कमी असते आणि खाली ओढलेल्या शटरवरची चित्रेही तेव्हाच दिसतात. एका फेरीत एक-दीड किलोमीटरपेक्षा अधिक अंतर ठेवू नये. तीन-चार मुलांमागे एक मोठे माणूस हवे.

सोबत पाण्याची बाटली, टोपी, पेन्सिल, जाड पुठ्ठ्याची वही आणि मोजपट्टी घ्यावी. कॅमेऱ्याचा फोन एकच आणि तो मोठ्यांकडे असावा. प्रत्येकाच्या हाती फोन दिला की पाहणे थांबते आणि टिपणे सुरू होते. आधी दोन मिनिटे नुसते पाहायचे, मग वहीत रेखाटायचे आणि शेवटी एक छायाचित्र घ्यायचे, असा क्रम ठरवून टाकावा.

चित्र नीट दिसावे म्हणून माणूस नकळत मागे सरकतो आणि पाठीमागे रस्ता असतो! ‘मागे सरकण्याआधी मागे वळून पाहायचे’ हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा. रेल्वेरुळांच्या कडेच्या, महामार्गावरच्या आणि बांधकामाच्या भिंती फक्त लांबून पाहायच्या.

वयानुसार काय द्यावे?

चार ते सहा वर्षांच्या मुलांना ओळखण्याचा खेळ पुरतो. पाच प्राणी शोधा, निळ्या रंगाच्या तीन भिंती शोधा, चित्रात हसणारे माणूस शोधा, एवढे पुरे. अर्ध्या तासात थांबावे.

सात ते दहा वर्षांची मुले मोजणे आणि तुलना करणे आवडीने करतात. चित्र किती पावले लांब आहे, त्यात किती रंग वापरले आहेत, कोणता रंग सर्वांत आधी उडाला, हे त्यांनी शोधावे. एखाद्या पाटीवरील एकच अक्षर हुबेहूब उतरवून काढण्यास सांगावे. त्यातून पेंटरच्या हाताला किती सराव होता, याची कल्पना येते.

अकरा वर्षांपुढील मुलांनी माणसांशी बोलावे. ‘ही पाटी कोणी रंगवली? केव्हा? किती पैसे पडले? आता तो पेंटर काय करतो?’ दुकानदार काका सकाळच्या वेळी अशा प्रश्नांना सहसा आनंदाने उत्तरे देतात. फ्लेक्सची छपाई स्वस्त आणि झटपट झाल्यावर अनेक पेंटरांचे काम गेले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा अशा संभाषणातून लवकर पोहोचते.

भिंतीची वही

या साऱ्या खटाटोपाचे फळ म्हणजे वही. प्रत्येक चित्रासाठी एक पान ठेवावे आणि त्यावर आठ गोष्टी लिहाव्यात : तारीख, जागा, भिंत कशाची, आकार, रंग व माध्यम, सही असल्यास नाव, चित्राची आजची अवस्था आणि ‘मला काय वाटले’. जागा लिहिताना जवळची कायमची खूण द्यावी. ‘औषधाच्या दुकानाशेजारी’ असे लिहिले आणि दुकान हलले, तर नोंद निरुपयोगी होते. देऊळ, विहीर, तलाव, पूल, शाळा अशा खुणा टिकतात. वडाळे तलावाच्या काठापासून किती पावले, असे लिहिलेले वीस वर्षांनीही शोधता येईल.

पाच भिंती निवडून दरवर्षी दिवाळीनंतर त्याच जागेवरून त्यांचे छायाचित्र घ्यावे. तीन वर्षांत मुलांच्या हाती एक असा पुरावा येईल, जो बहुधा कोणत्याही कार्यालयात नसेल. कोणते चित्र पावसाने पुसले, कोणते निवडणुकीच्या प्रचाराखाली गेले, कोणत्या भिंतीच्या जागी वाहनतळ झाला आणि कोणते चित्र शेजाऱ्यांनी स्वखर्चाने पुन्हा रंगवून घेतले, हे त्यात दिसेल. शहराचा इतिहास मोठ्या घटनांपुरता नसतो, ही जाण अशा नोंदींतून येते.

परवानगी, कायदा आणि चित्रकाराचा मान

चित्रे पाहून मुलांचे हात शिवशिवतात. त्याच वेळी कायद्याची ओळख करून द्यावी. महाराष्ट्रात सार्वजनिक दर्शनी जागा विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे. भिंतीच्या मालकाच्या परवानगीशिवाय रंगविणे हा गुन्हा ठरू शकतो. किल्ल्यांच्या बुरुजांवर बदामाच्या आकृतीत कोरलेली नावे आणि परवानगी घेऊन रंगविलेली शाळेची भिंत यांत फरक कोणता, असे विचारले तर मुलेच तीन मुद्दे मांडतात : भिंत कोणाची, विचारले होते का आणि पाहणाऱ्याला त्यातून काय मिळाले. एवढे तीन प्रश्न पक्के झाले, तरी नागरिकशास्त्राचा मोठा भाग शिकून झाला म्हणायचा. काही परकीय कलावंत परवानगीविना चित्रे काढूनच प्रसिद्धीस आले, हेही मोठ्या मुलांपासून लपवू नये. त्यावर वाद होऊ द्यावा.

दुसरी बाजू चित्रकाराची. भिंत दुसऱ्याची असली तरी चित्रावर आपले नाव असावे आणि आपल्या कृतीची विटंबना होऊ नये, हा कलावंताचा हक्क भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ मध्ये मान्य आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणून छायाचित्र कोणाला पाठवताना चित्रकाराचे नाव माहीत असल्यास लिहावे. मुलांचे चेहरे, शाळेचा गणवेश आणि घराचा पत्ता दिसेल असे छायाचित्र मात्र सार्वजनिक करू नये.

मुंबईची एक फेरी

पनवेलच्या भिंती दोन-तीन महिने पाहून झाल्या की मगच मुंबई गाठावी. हार्बर मार्गाने वडाळ्याला गाडी बदलून माहीम, वांद्रे गाठता येते. ऑगस्ट २००९ मध्ये माहीम ते दादरदरम्यान सेनापती बापट मार्गावरील रेल्वेची लांबलचक भिंत महापालिकेच्या संमतीने शेकडो सामान्य मुंबईकरांनी रंगविली होती. ‘वॉल प्रोजेक्ट’ या नावाने तो उपक्रम ओळखला जातो. वांद्रे रेक्लमेशन येथे एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये चित्रकार रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळके यांचे प्रचंड चित्र साकारले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या फाळक्यांना चित्रपटाच्या जाहिरातफलकांच्या शैलीतच मानवंदना मिळावी, हे औचित्यपूर्णच. दहिया यांनी वांद्र्याच्या चॅपेल रोड परिसरातही हिंदी चित्रपटांतील पात्रे रंगविली. १८७५ साली बांधलेला कुलाब्याचा ससून डॉक मासळीचा धक्का म्हणून गजबजलेला आहे. तेथे २०१७ च्या अखेरीस ‘स्टार्ट इंडिया’ प्रतिष्ठानाने कलाप्रकल्प भरविला, तेव्हा कोळी समाजातील माणसांचे चेहरेच भिंतींवर उमटले होते. ही चित्रे ऊन-पावसात राहतात. त्यामुळे ती कोणत्या अवस्थेत आहेत, हे पाहणे हाही शोधाचा भाग समजावा.

महानगरातील भव्य चित्रे पाहून आल्यावर पनवेलच्या सायकल दुकानाची पाटी मुलांना क्षुल्लक वाटेल काय? अनुभव उलटाच येण्याची शक्यता अधिक. फाळक्यांच्या चित्राची छायाचित्रे शेकड्यांनी निघाली आहेत आणि ती कोठेही मिळतील. टपाल नाक्यावरच्या त्या पाटीकडे मात्र तुमच्या मुलाखेरीज कोणी थांबून पाहिलेले नसेल.

पनवेलमध्ये आज राहणाऱ्या कुटुंबांपैकी कितीतरी नोकरी-घरासाठी बाहेरून आलेली आहेत. त्यांच्या मुलांचे गाव म्हणजे घर, शाळेची बस आणि शिकवणी यांच्यामधला खिडकीतून दिसणारा रस्ता. त्या रस्त्यावर उतरून एका भिंतीसमोर दोन मिनिटे थांबले, चित्रकाराचे नाव विचारले आणि ते वहीत लिहिले, की ती भिंत ओळखीची होते. ओळखीच्या भिंतीवर कोणी सहसा थुंकत नाही आणि ती पाडली जाताना निदान एकाला तरी हळहळ वाटते. येत्या रविवारी फार लांब जाऊ नका. घराच्या फाटकापासून उजवीकडे वळा, मुलांना पुढे चालू द्या आणि ती जेथे थांबतील तेथे तुम्हीही थांबा.